तारीख चुकली कर्नाटकात, झोप उडाली तासगावात

‘वकीलताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. गेल्या मे महिन्यात खरड छाटणी उरकून पोराबाळांना घेऊन गोकर्ण-मुरुडेश्वरला गेलो होतो. परतीला धारवाड सोडल्यावर सर्व्हिस रोडला एका मोटरसायकलवाल्या पोराला माझ्या गाडीची धडक बसली. त्याचा हात मोडला. पोलिसांनी कागद केले, निपाणीचे माझे चुलत मेहुणे जामीन राहिले आणि रात्री सोडलं. पुढं कन्नडमधलं समन्स आलं. त्या तारखेला मी गेलो, दिवसभर कोर्टाबाहेर बसलो, नाव काही पुकारलं नाही, म्हणून परत आलो. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे असं मेहुण्यांकडून कळलं. पण बागेत दावण्या आलेला, रात्रंदिवस फवारणी चालू, गेलो नाही. आता मेहुण्यांना कोर्टाची नोटीस आलीय आणि माझ्यावर वॉरंट निघालंय म्हणतात. एक जण सांगतो, कर्नाटकातलं वॉरंट महाराष्ट्रात चालत नाही. दुसरा म्हणतो, तासगाव कोर्टात हजर व्हा. तिसऱ्याचा फोन येतोय, पंधरा हजार पाठवा, वॉरंट कॅन्सल करून देतो. मालकीण रात्रभर जागी असते. समन्सचा फोटो सोबत जोडलाय. नाव-गाव छापू नका. काय करू?’

भाऊ, आधी त्या तिसऱ्याचा फोन उचलणं बंद करा. वॉरंट रद्द करू शकतं फक्त एक कोर्ट, ज्यानं ते काढलं ते. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय: बजावणी होईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट रद्द करेपर्यंत वॉरंट कायम राहतं. हवालदार, कारकून, ‘साहेबांच्या जवळचा माणूस’, कुणालाही ते फोनवरून पुसता येत नाही. तुम्हाला वाटेल, मग माझं नाव, केस नंबर, तारीख याला कशी ठाऊक? अहो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव टाकलं की ही माहिती कुणालाही दिसते. मला दिसते, तुम्हाला दिसते, तशी त्यालाही दिसते. पैसे पाठवले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. पाठवले नसतील तर त्याच पैशात तिथला एक चांगला वकील उभा करता येईल, आणि तो पावती देईल.

आता पहिल्या मित्राचं म्हणणं. सीमाप्रश्न अजून सुटलेला नाही हे खरं, पण म्हणून वॉरंट कोगनोळीच्या नाक्यावर अडत नाही. अटकेचं वॉरंट भारतात कुठंही बजावता येतं. एक तर तिथलं कोर्ट ते इकडच्या पोलिसांकडे पाठवतं, नाहीतर तिथलाच पोलीस ते घेऊन येतो आणि इथल्या पोलिसांना सोबत घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. ते येईल तेव्हा बेदाणा शेडवर दहा माणसं असतील, पाहुणे असतील, मुलीची परीक्षा असेल. वॉरंट सवड बघून येत नाही.

तरी घाबरून जाण्यासारखं नाही, हेही सांगते. काढणारं कोर्ट तीस किलोमीटरपेक्षा लांब असेल तर पकडलेल्या माणसाला थेट गाडीत घालून तिकडं नेत नाहीत. आधी इथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. समन्सच्या फोटोत तुमच्यावरची कलमं दिसतात: भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणं, आणि १२५ मधला गंभीर दुखापतीचा भाग, कारण हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. पहिल्याला सहा महिन्यांपर्यंत, दुसऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दोन्ही जामीनपात्र. अशा गुन्ह्यात इथला दंडाधिकारीच जामीन घेऊन कागद तिकडच्या कोर्टाला पाठवून देऊ शकतो.

पण याच्या भरवशावर घरी बसलात तर फसाल. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, हे पानटपरीवरही कुणी सांगेल. त्याच्या पुढची ओळ फारसं कुणी सांगत नाही: एकदा जामीन घेऊन तारखेला गैरहजर राहिलात की त्याच केसमध्ये पुढच्या वेळी जामीन नाकारायचा अधिकार कोर्टाला मिळतो. नाकारलाच जातो असं नाही. पण हक्काचं जे होतं ते आता मागून घ्यावं लागतं. शिवाय जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय हजर न राहणं हा न्याय संहितेत वेगळाच गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा. एका तारखेसाठी ते कलम लावायला कोर्टं सहसा जात नाहीत. ते लावण्यासारखी वेळ आपण आणू नये, एवढंच.

दुसऱ्या मित्राला सांगा, तासगावच्या कोर्टात तुमची फाइलच नाही, तर तिथले न्यायाधीश काय रद्द करणार? त्यांनी कुठंतरी ‘ट्रान्झिट बेल’ ऐकलं असावं. ती वेगळी गोष्ट. दुसऱ्या राज्यात गुन्हा दाखल झालाय, अटक होईल अशी भीती आहे, तेव्हा आपल्या इथल्या सत्र न्यायालयाकडून किंवा उच्च न्यायालयाकडून तिकडच्या कोर्टात पोचेपर्यंत थोड्या दिवसांचं संरक्षण मागता येतं. सुप्रीम कोर्टाने २० नोव्हेंबर २०२३ ला प्रिया इंदोरिया प्रकरणात हे स्पष्ट केलं. तुमचं प्रकरण त्या टप्प्याच्या पुढं गेलंय. जामीन झालेला आहे, केस कोर्टात उभी आहे. तुमचं औषध वॉरंट काढणाऱ्या तिकडच्या तालुक्याच्या कोर्टातच आहे.

तर आता कामाचं. समन्सवर सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, फोटोत तो कोपऱ्यात अर्धवट आलाय. मूळ कागद काढा, ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तो नंबर घाला आणि केस हिस्टरी बघा. प्रत्येक तारखेपुढं ती कशासाठी ठेवली होती ते लिहिलेलं असतं. तिथं जामीनपात्र वॉरंट आहे की एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र, ते कळेल. पुढची तारीख कळेल. कुठल्या न्यायाधीशांपुढे, कुठल्या कोर्ट हॉलमध्ये तेही कळेल. हे शेवटचं नीट बघा. मला दाट शंका आहे की पहिल्या तारखेला तुम्ही चुकीच्या दाराबाहेर बसला होतात, नाहीतर पुकारलेलं नाव तुम्हाला ओळखूच आलं नाही.

ही शंका मला यायचं कारण आहे. वकिली सुरू करून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा सीमेपलीकडच्या एका कोर्टात मिरजेच्या एका ट्रकमालकाला घेऊन गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मी पुकाऱ्याकडं कान लावून. शिपाई येऊन ओरडत होता, लोक आत जात होते. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी आत जाऊन विचारलं, आमचं प्रकरण कधी निघणार? बेंच क्लार्कनं बोर्डावर बोट ठेवलं: सव्वाअकरालाच पुकारा झाला, आरोपी गैरहजर. आमच्या डोळ्यांदेखत शिपायानं नाव घेतलं होतं. पण त्यांच्या फाइलीत आडनाव नव्हतंच, नुसतं नाव आणि त्यापुढं वडिलांचं नाव, तेही कानडी हेल काढून म्हटलेलं. माझा अशील ‘जाधव’ ऐकायला बसला होता आणि मीही. त्या दिवशी हातापाया पडून पुन्हा पुकारा करून घेतला, म्हणून निभावलं. तेव्हापासून परक्या मुलखातल्या कोर्टात मी बाकावर बसत नाही. साडेदहाला आत जाऊन बोर्डावर आपला अनुक्रमांक बघायचा आणि बेंच क्लार्कला तोंड दाखवून यायचं. तुम्हीही तेच करा.

तुमच्याकडं एक चांगला पुरावा आहे, त्याचं महत्त्व तुम्हाला कळलेलं नाही. पहिल्या तारखेला तुम्ही गाडीनं गेला असाल तर फास्टॅगच्या खात्यात त्या सकाळची टोलनाक्यांची नोंद आहे, वेळेसकट. संध्याकाळची परतीची नोंदही आहे. ते पान छापून घ्या. ज्याला पळायचं असतं तो टोल भरत कोर्टाच्या गावाला जात नाही, हे न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागणार नाही. दुसऱ्या तारखेचं कारण जे आहे तेच लिहा: बागेत दावण्या आला, फवारणी सोडता आली नाही, वकील नव्हता म्हणून अर्ज देता आला नाही, चूक झाली. औषध दुकानाची त्या आठवड्याची बिलं जोडा. कुणी म्हणेल, अर्जाला जोर येण्यासाठी डॉक्टरचा दाखला घेऊ, टायफॉईड लिहू. अजिबात नको. तालुक्याच्या कोर्टात रोज टायफॉईडचे दाखले येतात आणि खऱ्या-खोट्यातला फरक तिथल्या शिपायालाही कळतो. खोटा दाखला उघडा पडला तर चुकलेल्या तारखेची केस राहते बाजूला.

हा अर्ज कोण देणार? तिथला वकील. इथून सांगलीचा वकील घेऊन गेलात तर दोन दिवसांचा खर्च तुमचा, भाषेची अडचण त्याची, आणि न्यायाधीश विचारणार की इथले कोण आहेत सोबत. तुमच्या ओळखीच्या तासगावच्या किंवा सांगलीच्या वकिलाला फक्त एवढं विचारा की त्या तालुक्याच्या बारमध्ये त्यांचं कोणी आहे का. मिरज-सांगलीच्या वकिलांची बेळगाव-धारवाडकडं ओळख असतेच. वकीलपत्रावर इथं सही करून कुरिअरनं पाठवता येतं. आधी समन्स एखाद्या जतकडच्या कानडी वाचणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, म्हणजे वकिलाशी फोनवर बोलताना तुम्ही आंधळे नसाल.

आणि इथं घाई करा. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात खालच्या कोर्टांना सांगितलंय की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र, अशी पायरी पाळावी. त्याच आदेशात तुमच्या कामाचं एक वाक्य आहे. अजामीनपात्र वॉरंटची बजावणी होण्याच्या आधी आरोपीच्या वतीनं अर्ज आला आणि पुढच्या तारखेला जातीनं हजर राहण्याची हमी दिली, तर तो समोर उभा असलाच पाहिजे असा आग्रह न धरता वॉरंट रद्द करता येतं किंवा जामीनपात्रात बदलता येतं. ‘बजावणीच्या आधी’ हे शब्द पुन्हा वाचा. वॉरंट तुमच्या दारात पोचायच्या आत तुमचा अर्ज त्या कोर्टाच्या टेबलावर पोचला पाहिजे. वकिलाला हा निकाल माहीत असेलच, नसला तर नाव सांगा, राग येणार नाही. काही न्यायाधीश तरीही म्हणतात, आरोपीला आणा. तसं असेल तर कुरकुर न करता जा. स्वतःहून चालत आलेला आणि पोलिसांनी आणलेला, या दोघांकडं बघायची कोर्टाची नजर वेगळी असते.

मेहुण्यांचं काय, हे तुम्ही एका ओळीत उरकलंय. माझ्या मते सगळ्यात आधी फोन त्यांना करायला हवा होता. जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे. तुम्ही गैरहजर राहिलात की त्यांचा जामीनखत जप्त होऊ शकतो, आणि नोटीस आलीय ती त्यासाठीच: रक्कम का वसूल करू नये याचं कारण दाखवा. त्या नोटिसीला उत्तर न देता ते गप्प बसले तर कोर्ट रक्कम वसुलीला लावेल. तुमचाच वकील त्यांच्या वतीनंही उत्तर देईल. तुम्ही हजर झालात की अशा नोटिसा बहुतेक वेळा सैल पडतात, कधी थोडी रक्कम भरायला लावतात. ती तुम्ही भरायची, त्यांनी नव्हे. पाव्हण्याराव्हण्यांत हे बोलून दाखवायला अवघड जातं, म्हणून लिहून देते.

ते आता पुन्हा जामीन राहायला नाही म्हणाले तर त्यांना दोष देऊ नका. मग प्रश्न येतो, तासगावचा जामीनदार चालेल का? पुष्कळ ठिकाणी ‘लोकल’ माणूस आणा म्हणतात, पहाणी उतारा आणा म्हणतात, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा तिकडचा भाऊ. पण परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारण्यावर सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच कान उपटलेत. मोतीराम नावाचा एक गवंडी होता मध्य प्रदेशात. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी भावाला जामीनदार मानलं नाही, रक्कमही मागितली दहा हजार. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. तर सातबारा, आठ-अ, आधार घेऊन इथला सख्खा माणूस सोबत न्या. आणि तेही जमलं नाही तर जामीनदाराऐवजी रोख रक्कम ठेवू द्यावी असा अर्ज करता येतो.

अजून एक मोह होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. कोर्टात गेल्यावर कुणीतरी कानात सांगेल: कशाला फेऱ्या मारता, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. हेल्मेट-सीटबेल्टच्या चलनात हे चालतं, मोटार वाहन कायद्याच्या किरकोळ प्रकरणात तर कबुली पत्रानं पाठवून दंड भरायचीही सोय आहे. पण तुमची केस तशी नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी. हाड मोडल्याच्या कलमात न्यायाधीश दंडावरच थांबतील याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि तीच कबुली उद्या नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्यासमोर ठेवली जाईल. कागद वाचून, साक्षीपुरावा बघून वकिलानं तसा सल्ला दिला तर वेगळं. फेऱ्या वाचतात म्हणून नको.

दाव्यावरून आठवलं. तो मुलगा अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागू शकतो, ते वेगळं कोर्ट, वेगळी फाइल. ती नोटीस आली तर ती कानडीत आहे म्हणून कपाटात ठेवू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला प्रत द्या, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल. आणि तुमच्या एवढ्या पत्रात त्या पोराचा हात आता कसा आहे, हे मला कुठं दिसलं नाही. परस्पर त्याच्या घरी जाऊ नका, तो साक्षीदार आहे, भलता अर्थ निघेल. वकिलामार्फत चौकशी करा. पुढंमागं कोर्टाच्या परवानगीनं तडजोडीचं बोलणं निघालंच तर त्याची सुरुवात या चौकशीनंच होते, असं मी बघितलंय.

वॉरंट रद्द झालं की त्याच वकिलाला कायमच्या हजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा. परराज्यात राहणारा शेतकरी, प्रत्येक तारखेला दोन दिवस मोडतात, ओळख पटवण्याचा वाद नाही, वकील प्रत्येक तारखेला उभा राहील, एवढं सांगितलं की पुष्कळ न्यायाधीश ऐकतात. दोषारोप वाचून दाखवणं, जबाब, निकाल अशा वेळी मात्र बोलावतील तेव्हा जावं लागेल. एखाद्या तारखेपुरती अडचण असेल तर त्या दिवसाचा माफीचा अर्ज वेगळा असतो, तो वकिलानं त्याच सकाळी द्यायचा. नोव्हेंबरात हाच एक कागद गेला असता तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, व्हिडीओवरची हजेरीही हजेरी धरली जाते, तीही मागून बघा. देणं न देणं कोर्टाच्या हातात. तुमच्यासमोर साक्ष झाली आणि ती कानडीत असली तर ती समजेल अशा भाषेत सांगून घेण्याचा तुमचा हक्क आहे, न लाजता मागा.

वकिलाची फी झेपत नसेल अशा वाचकांसाठी दोन ओळी: १५१०० या विधी सेवेच्या नंबरवर किंवा सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा, मोफत वकील तिकडच्या कोर्टातही मिळू शकतो. बाईमाणसाला तर उत्पन्नाची अट नाही.

जाण्याच्या दिवसाचं सांगते. पहाटे गाडी काढून अकराला पोचू, हा हिशेब करू नका. आदल्या दुपारी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरा, रात्री धारवाडला मुक्काम करा, सकाळी वकिलाच्या ऑफिसात चहा घ्या आणि त्यांच्या कारकुनाला विचारा, माझं नाव तुमच्या फाइलीत कसं लिहिलंय, पुकारताना कसं म्हणतील? दोनदा म्हणून दाखवायला सांगा. आदेश झाला की तिथून लगेच हलू नका. वॉरंट रद्द झाल्याची नक्कल मागा, एक प्रत तासगाव पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि एक गाडीच्या कप्प्यात ठेवा, कारण रद्द झालेला कागद पोलिसांपर्यंत पोचायला निघालेल्या कागदापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि वकिलाला आधीच सांगून ठेवा की फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला असतो. पुढची तारीख घेताना ते कोर्टापुढं बोलतील. मिळेलच असं नाही, पण विचारायला बंदी नाही.